रविवारचे दोन तास

मुलांनो, जरा एक कल्पना करा. डोळे मिटायची गरज नाही, उघड्या डोळ्यांनीच करा. तुम्ही वर्गात आहात आणि बाईंना काहीतरी विचारायचं म्हणून तुम्ही हात वर केलाय. बाईंनी तुमच्याकडे पाहिलं, मान हलवली, म्हणजे 'थांब, येते तुझ्याकडे', आणि त्या पुन्हा फळ्यावर लिहायला लागल्या. एक मिनिट गेलं. दोन गेली. हात दुखायला लागला. खाली घ्यावा, तर नेमक्या तेव्हाच बाई वळल्या तर? म्हणून दुसऱ्या हाताने कोपराला टेकू देऊन तुम्ही तो तसाच वर धरलाय. आता असं समजा, की तुम्ही तो हात नऊ आठवडे वर धरून ठेवलाय.

स्वानंदीचा बाबा नऊ आठवडे असा थांबला होता.

स्वानंदी दहा वर्षांची. अमेरिकेत सिअॅटल शहराच्या उत्तरेला बॉथेल म्हणून गाव आहे, तिथे ती राहते. घरात आई, बाबा आणि ती, अशी तिघंच. बाबाचं नाव मोरेश्वर, आईचं वीणा. जून महिन्यात नागपूरला आईची आई, म्हणजे स्वानंदीची आजी, न्हाणीघरात घसरून पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. आई दुसऱ्या दिवशी निघाली. किती दिवस लागतील कुणाला ठाऊक, म्हणून तिने परतीचं तिकीट काढलंच नाही. विमानतळावर ती स्वानंदीला म्हणाली, "तुझी शाळा उघडायच्या आत येते बघ." शाळा सप्टेंबरात उघडते.

पण ऑगस्टच्या मध्यावर बाबाची नोकरी गेली. बाबाचं काही चुकलं नव्हतं. कंपनीने एका सकाळी दोनशे माणसं कमी केली, त्यात तो होता.

तिथे अशी पद्धत आहे, की चूक नसताना नोकरी गेली तर दुसरी मिळेपर्यंत सरकार त्या माणसाला दर आठवड्याला थोडे पैसे देतं. बेकारी भत्ता म्हणतात त्याला. त्यासाठी अर्ज करायचा आणि तो मंजूर व्हायची वाट बघायची. बाबाने त्याच आठवड्यात अर्ज केला. मग रोज सकाळी तो कॉम्प्युटर उघडायचा, अर्जाचं पान काढायचा, आणि तिथे एकच शब्द असायचा : पेंडिंग. म्हणजे अजून काही ठरलेलं नाही.

"बाबा, आज?" शाळेत जाताना स्वानंदी विचारायची.

"पेंडिंग," बाबा म्हणायचा. "पण आजचं पेंडिंग कालच्यापेक्षा जरा बरं वाटतंय."

आईच्या परतीचं तिकीट त्या एका शब्दापाशी अडकलं होतं. बँकेत शिल्लक होती, ती घरभाड्याला आणि किराण्याला पुरवायची होती. भत्ता सुरू झाला की तिकीट काढायचं, असं बाबाने ठरवलं होतं. आणि हे स्वानंदीला माहीत होतं, पण आईला माहीत नव्हतं. आईला नोकरी गेल्याचंच माहीत नव्हतं.

त्याचं असं झालं. नोकरी गेली त्याच दिवशी नागपुरात आजीचं दुसरं ऑपरेशन होतं. बाबा म्हणाला, "आज नको सांगायला. तिच्या डोक्याला तिकडे कमी का ताप आहे? पंधरा दिवसांत मला दुसरी नोकरी लागेल, मग दोन्ही बातम्या एकदमच सांगू." पंधरा दिवस गेले, महिना गेला. नोकरी काही लागली नाही, आणि न सांगितलेली गोष्ट रोज थोडी थोडी जड होत गेली. बाबाने स्वानंदीकडून वचन घेतलं, की आईला ती काही सांगणार नाही. स्वानंदीने ते दिलं. देताना तिला वाटलं होतं, वचन पंधराच दिवसांचं आहे.

रोज संध्याकाळी साडेसातला नागपूरशी व्हिडिओ कॉल असायचा. तिकडे सकाळचे आठ. सव्वासातला बाबा आत जाऊन इस्त्रीचा शर्ट घालून यायचा, खाली मात्र घरचाच पायजमा. ऑफिसमधून नुकताच आलाय असं वाटावं म्हणून. पहिल्यांदा तो तसा बाहेर आला तेव्हा स्वानंदी खो खो हसली होती. आता ती हसत नसे.

आईची आठवण तिला कुठे कुठे यायची, ते सांगून पटायचं नाही. नदीकाठच्या पायवाटेवर ऑगस्टमध्ये काळ्या बेरी पिकतात. दरवर्षी आई आणि ती दोघी टोपली घेऊन जायच्या आणि आई त्यांचा मुरंबा करायची. यंदा स्वानंदी एकटीच गेली, ओंजळभर बेरी तोडल्या, पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवल्या आणि वर चिकटपट्टीवर 'आई' असं लिहिलं. बाकीच्या बेरी झुडपांवरच सुकून गेल्या.

आणि ती गाडी. गाडीच्या दारावर दोन बटणं होती. एक दाबलं की ड्रायव्हरची सीट बाबाच्या उंचीला मागे जायची. दोन दाबलं की आईच्या उंचीला पुढे यायची. बाबा किराण्याच्या पिशव्या घेऊन घरात शिरला, की स्वानंदी गाडीत मागे बसून हात लांब करायची आणि दोन नंबरचं बटण दाबायची. घर्र करत सीट पुढे सरकायची, थोडी वर उचलली जायची आणि थांबायची. रिकामीच. मग ती तिथे क्षणभर बसून राहायची. शाळेतून येताना आईच्या मानेमागचा केसांचा चाप तिला तिथूनच दिसायचा.

रविवार मात्र वेगळा असे. रविवारी दहा ते बारा मराठी शाळा भरायची. गावातल्या एका चर्चचा हॉल भाड्याने घेतलेला, त्यात चार कोपऱ्यांत चार वर्ग. बाबा सगळ्यांत लहान मुलांना शिकवायचा. एरवी घरात तो गप्प असायचा. तिथे गेला की त्याच्या अंगात कोण संचारायचं कोण जाणे. कापडी पिशवीत तो घरातल्या वस्तू लपवून न्यायचा. मुलांनी पिशवीत हात घालायचा, न बघता ओळखायचं आणि मराठीत नाव सांगायचं.

"किसणी!" देव नावाचा सात वर्षांचा मुलगा ओरडला.

"बोटं जपून रे. रूही, आता तू."

रूहीने हात घातला, चेहरा वाकडा केला. "ईऽऽ! काका, इट्स वेट!"

"मराठीत ओली म्हण, मग सोडतो."

"ओली! ओली! व्हॉट इज इट?"

"भिजवलेली चिंच," बाबा म्हणाला, आणि सगळा कोपरा किंचाळला.

शाळेच्या मुख्य म्हणजे नैनाकाकू. त्या स्वानंदीच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहायच्या आणि आईची त्यांच्याशी घट्ट मैत्री. काकू मनाने फार चांगल्या, पण त्यांच्या पोटात कुठलीही गोष्ट टिकत नसे.

"मोरेश्वर," त्या रविवारी त्या हॉलच्या मधोमध उभ्या राहून म्हणाल्या, "तुम्ही शिकवता की सर्कस करता? माझ्या वर्गातली मुलं माना वळवून तुमच्याकडे बघत बसतात."

"दोन्ही फुकटच आहे, नैनाताई. तुम्हीही बसा की."

"बसते. पण आधी सांगा, वीणा कधी येतेय? मी फोन केला की तिचं एकच, तिकिटांचे दर उतरले की येते. उतरणार कधी ते? मी बोलू का त्या विमान कंपनीशी? मी बोलले की लोक ऐकतात."

"ऐकतात हो. घाबरतात म्हणून ऐकतात," बाबा म्हणाला. काकू हसल्या आणि बाबाही हसला. स्वानंदी मात्र तिच्या बुटांच्या नाड्या पुन्हा बांधायला खाली वाकली. त्या सुटल्या नव्हत्या.

रविवारी संध्याकाळी बाबा भत्त्याचा साप्ताहिक फॉर्म भरायचा. दर आठवड्याला भरावाच लागायचा तो. नोकरीसाठी कुठे कुठे प्रयत्न केले? आजारी होता का? गावाबाहेर गेला होता का? असे प्रश्न असत. स्वानंदी शेजारी बसून वाचायची.

"या आठवड्यात तुम्ही काम केलं का?" तिने वाचलं.

बाबाने 'हो'वर खूण केली. तास : दोन. मिळकत : शून्य.

"बाबा, हो कशाला? तुला कुठे जॉब आहे?"

"मराठी शाळा नाही का? दोन तास उभा राहून घसा बसवून घेतो मी. ते काम नाही?"

"पण पैसे नाही मिळत."

"पैसे मिळाले नाहीत म्हणून काम काम राहत नाही की काय? त्यांनी विचारलंय काम केलं का. केलंय. सरकारी कागदावर खोटं कशाला लिहा?" आणि त्याने बटण दाबलं.

नऊ आठवडे तो हेच लिहीत आला होता.

ऑक्टोबर निम्मा सरला. मेपलची पानं तांबडी झाली, रोज सकाळी धुकं यायला लागलं, दिवाळी दहा दिवसांवर आली. बुधवारी संध्याकाळी कॉल लागला तेव्हा आईच्या मागे आजी दिसली. वॉकर धरून एकेक पाऊल टाकत ती दारापासून खिडकीपर्यंत गेली आणि तिथून तिने स्वानंदीला हात केला.

"बघितलंस?" आई म्हणाली. "काल तर अंगणात जाऊन तुळशीला पाणी घालून आली. आता तिला माझी गरज नाही. उलट मीच सारखी मध्ये मध्ये येते म्हणून ओरडते."

"मग तू कधी येतेस?" स्वानंदीने विचारलं. तिने विचारायचं नाही असं ठरवलं होतं, पण ते आपोआपच तोंडातून निघालं.

आईने बाबाकडे पाहिलं. "तुझ्या बाबाला विचार. तिकिटाचं तोच बघतोय ना?"

"बघतोय गं," बाबा म्हणाला. "दिवाळीच्या गर्दीत फेअर आकाशाला टेकलेत. जरा उतरू देत."

"सप्टेंबरात गणपतीची गर्दी होती."

"हो ना. एकामागून एक लागूनच आहेत सगळे."

आईने बाबाचा शर्ट, स्वानंदीच्या वेण्या न्याहाळल्या. मग म्हणाली, "तुम्ही दोघं छान मॅनेज करताय म्हणा. शर्टाला इस्त्री, स्वानूच्या वेण्या सरळ. मी नसले तरी काही अडत नाहीये तुमचं."

"अगदी काही अडत नाहीये, तू मुळीच काळजी करू नकोस," बाबा घाईघाईने म्हणाला. त्याला वाटलं, तिला बरं वाटेल.

"बरं," आई म्हणाली. "मग घाई कशाला? संक्रांत करूनच येते मी."

असं म्हणून ती बाजूला काहीतरी शोधायला वळली. बराच वेळ शोधत राहिली. स्वानंदीला फक्त तिचा कान आणि कानातला मोती दिसत होता. मग "कुकर झाला वाटतं" असं म्हणून आईने फोन ठेवला. कुकरची शिटी स्वानंदीने काही ऐकली नव्हती.

"बाबा, तिला वाटतंय की आपल्याला ती नकोय."

"काहीतरीच बोलू नकोस. एवढी मोठी बाई, तिला कळत नाही का?"

"तू सांगितल्याशिवाय कसं कळेल?"

बाबा उठला आणि भांडी घासायला लागला. घासलेलीच भांडी होती ती.

दुसऱ्या दिवशी गुरुवारी स्वानंदीच्या शाळेला सुट्टी होती; आईवडिलांनी येऊन शिक्षकांना भेटायचा दिवस होता आणि बाबाची वेळ दुपारची होती. पण त्या सकाळी त्याहून मोठी गोष्ट घडायची होती. भत्त्याच्या कचेरीतून पत्र आलं होतं, की गुरुवारी नऊ ते अकराच्या दरम्यान अधिकारी फोन करतील, तयार राहावं. बाबाने दाढी केली. फोनवर दाढी दिसत नाही हे स्वानंदीने त्याला सांगितलं. "आवाजात दिसते," तो म्हणाला. टेबलावर वही, दोन पेनं आणि पाण्याचा ग्लास मांडून तो पावणेनऊपासून बसला.

नऊ वाजून वीस मिनिटांनी फोन वाजला. दोन्ही हात लिहायला मोकळे राहावेत म्हणून बाबाने तो स्पीकरवर ठेवला. पलीकडे एक बाई होत्या, आवाजावरून वयस्कर आणि थकलेल्या. बोलणं अर्थात इंग्रजीत झालं. पण आपण ते आपल्या भाषेत ऐकू.

"सर, तुमचा अर्ज एका ठिकाणी अडलाय," त्या म्हणाल्या. "तुम्ही दर आठवड्याला लिहिताय, दोन तास काम केलं. मालकाचं नाव नाही. मिळकत शून्य. तुम्ही नक्की कुणाकडे काम करता?"

"मराठी शाळेत, मॅडम. रविवारी. मुलांना शिकवतो."

"पगार किती?"

"पगार नाही."

"जेवणखाण, भेटवस्तू, पेट्रोलचे पैसे?"

बाबाने प्रामाणिकपणे विचार केला. "एकदा एका मुलीने चित्र काढून दिलं होतं."

"मग सर, तुम्ही काम केलं असं का लिहिता?"

"कारण मी करतो, मॅडम. खरं तर दोनच तास लिहितो. शनिवारी तीन तास तयारीला लागतात, ती घरी बसून करतो म्हणून लिहिली नाही. तुम्ही म्हणत असाल तर तीही..."

"सर," त्या बाई हळूच म्हणाल्या, "कृपा करून ती लिहू नका."

स्वानंदीने तोंडावर हात दाबला. पलीकडे टाइप केल्याचा आवाज आला.

"ऐका. पगार न घेता केलेल्या सेवेमुळे तुमचा भत्ता आपोआप बंद होत नाही. पण तुम्ही 'काम' असं लिहिलं, म्हणून माणसाने तपासल्याशिवाय अर्ज पुढे जात नाही. माझ्यासमोर असे शेकडो अर्ज आहेत, तुमचा नंबर आज लागला. आता एकच प्रश्न. उद्या तुम्हाला नोकरी मिळाली आणि रविवारी यावं लागेल असं ते म्हणाले, तर शाळा सोडाल?"

बाबाने पेन खाली ठेवलं. स्वानंदीने त्याच्याकडे पाहिलं. लगेच 'हो' म्हण, असं तिला ओरडावंसं वाटत होतं.

"सोडीन," तो शेवटी म्हणाला. "मला एक रविवार लागेल. मुलांना सांगायला."

"एक रविवार चालेल," बाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच जरा सैल झाला. "मग मला फक्त शाळेच्या प्रमुखांचं एक पत्र लागेल. तुम्ही स्वयंसेवक आहात, मोबदला मिळत नाही आणि नोकरी लागली तर तुम्हाला मोकळं करतील, एवढंच. सोमवारी संध्याकाळी पाचच्या आत अपलोड करा. ते आलं की आठवडाभरात निर्णय होईल. नाही आलं, तर समोर जे कागद आहेत त्यावरच मला ठरवावं लागेल, आणि ते तुमच्या बाजूने जाईलच असं नाही."

फोन संपला. स्वानंदी खुर्चीवर उभी राहिली. "बाबा! फक्त एक लेटर! नैनाकाकू पाच मिनिटांत देईल! आज गुरुवार, आज ती घरूनच काम करते. मंडे, मग एक वीक, मग तिकीट!"

बाबाही हसला. त्याने पाण्याचा अख्खा ग्लास एका दमात संपवला. पण ग्लास खाली ठेवता ठेवता त्याचं हसू ओसरलं.

"काय झालं?"

"नैनाताईंना पत्र मागायचं, म्हणजे कशासाठी ते सांगावं लागेल."

"मग सांग ना."

"नोकरी गेल्याचं त्यांना कळलं, की किती वेळात ते नागपूरला पोचेल, सांग बरं."

स्वानंदीने विचार केला. काकूंचं मन तिला ठाऊक होतं आणि त्यांचं पोटही. "टेन मिनिट्स," ती म्हणाली.

"तू त्यांना फार जास्त वेळ देतेस." बाबा उठून खिडकीशी गेला. बाहेर धुकं अजून उठलं नव्हतं. समोरच्या घराचं नुसतं छप्पर दिसत होतं. "वीणाला दुसऱ्याच्या तोंडून कळलं तर काय वाटेल तिला? दोन महिने मी तिच्यासमोर बसून... नको. पत्राशिवाय होतं का बघतो. स्वतःच एक खुलासा लिहून पाठवतो. सविस्तर. त्या बाई समजूतदार वाटल्या."

"त्या म्हणाल्या की लेटर पाहिजे."

"बघू. सोमवार अजून लांब आहे. वाट बघायची सवय झालीये आता आपल्याला."

"मला नाही झालीये!" स्वानंदी इतक्या जोरात बोलली, की तिचं तिलाच नवल वाटलं. "मला नाही झाली. तुला शर्ट घालून खोटं बोलायची सवय झालीये. त्या मॅडमना तू ओळखत पण नाहीस. त्यांना सगळं खरं सांगतोस, सॅटर्डेचे तीन अवर्स पण सांगत होतास. आणि आई तर आपली आहे."

बाबा वळला नाही. त्याच्या खांद्यांकडे बघून तिला वाटलं, आपण फार बोललो. ती खुर्चीवरून खाली उतरली.

"तिला वाटतंय की तिच्याशिवाय आपलं काही अडत नाही," ती आता हळू आवाजात म्हणाली. "ती काल रडत होती, बाबा. कुकर नव्हता झाला."

बाबाने कपाळ काचेला टेकवलं.

"मला माहितीये," बाबा म्हणाला. "मी पण ऐकत होतो. शिटी नव्हती झाली." मग तो खिडकीच्या काचेशी बोलल्यासारखं म्हणाला, "सुरुवात कशी करायची तेच कळत नाहीये गं. पहिलं वाक्यच सुचत नाही. आता तर तिकडे रात्रीचे दहा वाजून गेले असतील. संध्याकाळी सांगू."

"ती टेनला जागी असते. आजीचं औषध असतं तेव्हा."

बाबाने काचेवरची वाफ बोटाने पुसली. नको म्हणाला नाही, आणि हो तर म्हणालाच नाही.

स्वानंदी टेबलापाशी उभी राहिली. वचन तिला मोडायचं नव्हतं. आईला काही सांगणार नाही असं ती म्हणाली होती, आणि आत्ताही ती सांगणार नव्हती. सोमवारपर्यंत किती दिवस आहेत ते तिने मोजलं. संक्रांतीपर्यंत किती ते मोजायचं तिने टाळलं. मग तिने बाबाचा फोन उचलला आणि आईचा नंबर लावला.

दोनच रिंग झाल्या. "काय गं स्वानू? आत्ता कशी?" आई दचकूनच बोलली. "शाळा नाही? बरी आहेस ना तू? बाबा कुठाय?"

"मी बरी आहे. सुट्टी आहे आज. बाबा इथेच आहे, घरी." एवढं बोलून तिने खिडकीकडे पाहिलं. "आई, बाबाला तुझ्याशी बोलायचंय. थांब हं, फोन ठेवू नकोस."

खिडकीशी जाऊन तिने फोन बाबाच्या हातात दिला. त्याची बोटं तिने स्वतःच त्याच्याभोवती मिटवली, लहान मुलाच्या हातात खडू द्यावा तशी. आणि त्याच्या कानाशी येऊन म्हणाली, "मी नैनाकाकूकडे चाललेय, लेटर मागायला. चालत सात मिनिटं लागतात. तेवढ्यात सांग."

बाबाने तिच्याकडे पाहिलं. फोनमधून आईचा आवाज येत होता, "हॅलो? मोरेश्वर? अरे, काय झालंय?"

स्वानंदीने जॅकेट चढवलं, बूट घातले आणि दार उघडलं. ते ओढून घेताना तिला बाबाचा आवाज ऐकू आला. "वीणा," तो म्हणाला, आणि थांबला. मग पुन्हा म्हणाला, "वीणा, ऐक."

पुढचं तिने ऐकलं नाही. दार लावून घेतलं आणि ती चालायला लागली.

धुक्यात रस्ता ओला होता. सात मिनिटं म्हणजे फार थोडा वेळ, हे तिच्या पहिल्याच वळणावर लक्षात आलं. बाबाला तर पहिलंच वाक्य सुचत नव्हतं. म्हणून ती सरळ गेली नाही. तळ्याच्या बाजूने लांबचा वळसा घालून गेली, एकेक पाऊल जपून टाकत. तरीही नैनाकाकूंचं घर आलंच. आत दिवा होता आणि काकू कुणाशी तरी मोठ्याने ऑफिसचं बोलत होत्या.

स्वानंदी पायरीवर उभी राहिली आणि मनात मराठीतून शंभर आकडे मोजायला लागली. अठ्ठ्याहत्तरपर्यंत नीट गेली. पुढे एकोणऐंशी की एकोणनव्वद, ते तिला आठवेना. इतर वेळी ती अंदाजाने पुढे गेली असती. आज ती मागे आली आणि पुन्हा एकपासून सुरू केलं, सावकाश, एकही आकडा न गाळता. शंभर झाल्यावर तिने घंटा दाबली.